बंदर ते घर: ऑनलाइन विक्रीने मासळीची वाट किती बदलली?

मासळी घरपोच देणाऱ्या बहुतेक ॲपवर 'थेट बंदरावरून तुमच्या घरी' अशा अर्थाची एक ओळ असते. ती कितपत खरी आहे हे तपासायचे, तर मासळीची नेहमीची वाट आधी नीट माहीत हवी. बोट धक्क्याला लागते, खलाशी माल उतरवतात, जात आणि आकार पाहून वेगळा करतात. मग लिलाव पुकारला जातो. लिलाव ज्याच्यामार्फत होतो तो दलाल आपले कमिशन कापून घेतो. घेणारा मोठा व्यापारी निर्यातीचा माल कारखान्याकडे पाठवतो. उरलेला बर्फात भरून टेम्पोने मुंबईच्या घाऊक बाजारात, पुण्याच्या गणेश पेठेत, नाशिक-कोल्हापूरकडे रवाना होतो. तिथून किरकोळ विक्रेता आणि मग आपण. मुंबईत ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर कोळी बायका पहाटे स्वतः येऊन माल उचलतात, त्यामुळे तिथे ही साखळी एखाद्या कडीने आखूड असते. प्रत्येक कडीला काही तास जातात, थोडा बर्फ वितळतो आणि किलोमागे काही रुपये वाढतात.

गेल्या दहा वर्षांत ऑनलाइन विक्रीने यातल्या किती कड्या काढल्या? उपलब्ध चित्र पाहून माझे मत असे झाले आहे की कड्या फारशा गळालेल्या नाहीत, बऱ्याचशा फक्त मालक बदलून तशाच राहिल्या आहेत. दलालाच्या जागी कंपनीचा खरेदीदार आला, घाऊक बाजाराच्या जागी शीतगृह आले, पाटीवालीच्या जागी दुचाकीवरचा मुलगा आला. जी एक कडी खरोखर निखळू लागली आहे, ती कोळणीची. या बदलात फायदे आहेत आणि ते खरे आहेत. पण ते कुणाच्या पदरात पडतात, याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते.

तंत्रज्ञानाने मासळीबाजार बदलल्याचा सर्वांत चांगला अभ्यास झालेला दाखला ॲपच्या आधीचा आहे, आणि तो केरळचा आहे. १९९७ ते २००१ या काळात कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल पोहोचला. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी त्याआधीचे आणि नंतरचे भाव टिपून ठेवले. त्यांचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. फोन येण्याआधी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी पाण्यात फेकली जाई, तर पंधरा किलोमीटरच्या आत दुसऱ्या किनाऱ्यावर खरेदीदार रिकाम्या हाताने परत जात. फोन आल्यावर नाखवे समुद्रातूनच भाव विचारू लागले. पाच ते आठ टक्के मासळी वाया जात होती, ते जवळजवळ थांबले. मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त पडली. दोन्ही टोकांना लाभ झाला, असे उदाहरण दुर्मीळ. इथे फोन मच्छीमाराच्याच हातात होता आणि माल कुठे न्यायचा हे ठरवणारा तोच होता, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. पुढच्या ऑनलाइन लाटेत ही स्थिती राहिली नाही.

आपल्याकडे या लाटेची सुरुवात मुंबईत तशी लवकर झाली. पेस्काफ्रेशसारख्या कंपनीने २००४ पासून घरपोच मासळी द्यायला सुरुवात केली होती. पण खरा जोर आला तो २०१५ नंतर, बंगळुरूच्या लिशियस आणि फ्रेशटूहोम या कंपन्यांमुळे. २०२१ मध्ये लिशियसचे मूल्यांकन एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले आणि २०२३ मध्ये फ्रेशटूहोममध्ये ॲमेझॉनने पैसे घातले. एवढे भांडवल या धंद्यात येण्यामागे दोन धक्के होते. पहिला २०१८ चा. त्या जून-जुलैत केरळात आणि मग गोव्यात मासळीत फॉर्मॅलिन हे रसायन सापडल्याच्या बातम्यांनी गिऱ्हाईक हादरले. गोव्याने परराज्यातून येणारी मासळी काही काळ बंदच केली. पुढे वाहन इन्सुलेटेड हवे, नोंदणी हवी अशा अटी आल्या, तेव्हा सिंधुदुर्गातून गोव्याला रोज माल नेणारे छोटे टेम्पोवाले अडचणीत आले. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने घरच्या घरी फॉर्मॅलिन ओळखण्याच्या पट्ट्या तयार केल्या होत्या, पण त्या सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात कधी रुळल्या नाहीत. 'रसायनमुक्त' असा शिक्का मारून पाकीट देणाऱ्याकडे लोक वळले, यात नवल नाही.

दुसरा धक्का २०२० च्या टाळेबंदीचा. मार्चअखेर बोटी किनाऱ्याला आल्या आणि लिलावच बंद. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला आणि मासळीच्या वाहतुकीला सूट दिली, तरी बाजार भरत नव्हते. ज्यांनी कधी ॲपवरून भाजी मागवली नव्हती तेही मासळी मागवायला लागले. याच काळात दुसरी, न गाजलेली ऑनलाइन विक्री वाढली: व्हॉट्सॲपची. कोकणातला एखादा तरुण किंवा मुंबईतली कोळीण सकाळी गटावर मासळीचे फोटो आणि भाव टाकते, गिऱ्हाईक नाव नोंदवते, दुपारपर्यंत पिशवी पोहोचते, पैसे यूपीआयने येतात. या विक्रीत भांडवल नाही, जाहिरात नाही आणि बाहेरचा कुणी मधला माणूसही नाही. आढावा घेताना या दोन्हींना एकाच नावाखाली टाकणे चूक आहे, कारण किनाऱ्यावर त्यांचे परिणाम अगदी वेगळे होतात.

कंपनीची खरेदी कशी चालते ते पाहा. तिला रोज, ठरलेल्या जातीचा, ठरलेल्या आकाराचा माल हवा असतो, कारण ॲपवर फोटो आधी चढतो आणि मासा नंतर येतो. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, रावस, थोडे बोंबील, आणि काटा नको म्हणणाऱ्यांसाठी तळ्यात वाढवलेला बासा. एवढ्यावर तिचे बरेचसे दुकान चालते. म्हणून ती मोठ्या बंदरांवर उभी राहते. २०१० च्या सागरी मत्स्य गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे नोंदली गेली, पण रस्ता, बर्फ आणि माल तिन्ही एका जागी मिळेल अशी बंदरे थोडीच. खाडीतल्या छोट्या होडीपर्यंत कंपनीची गाडी पोहोचत नाही.

आकाराच्या प्रतवारीची सवय मात्र आपल्या किनाऱ्याला जुनीच आहे. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीला पापलेट 'सुपर', 'एक नंबर', 'दोन नंबर' अशा वजनी प्रतींत विकले जाते आणि त्यांचे भाव मोसमाच्या सुरुवातीला तिथल्या सहकारी संस्था व्यापाऱ्यांशी बोलून ठरवतात. म्हणजे प्रतवारी करणारा, भाव ठरवणारा आणि बोटीचा मालक एकाच बाजूला बसलेले असतात. कंपनीच्या खरेदीत प्रतवारी घेणाऱ्याकडे जाते. कुठला मासा 'चालणार नाही' हे तो ठरवतो, आणि परत पाठवलेला माल दुपारच्या उन्हात पडेल भावाने निघतो.

मग उरलेल्या मासळीचे काय? डोल जाळ्यात एका वेळी जे येते त्यात बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, बारकी कोळंबी, ढोमी, असे कितीतरी. थोडे बोंबील सोडले तर या मासळीला ॲपवर जागा जवळजवळ नाहीच. बाजारात ती वाट्यावर विकली जाते. कोळीण पाटीवर चार-पाच वाटे लावते, एका वाट्यात तीन-चार जातींची मिसळ, आणि भाव वाट्याचा, किलोचा नव्हे. गरीब घरातल्या ताटात मासा जातो तो या वाट्यातून. वजनाच्या काट्याला आणि बारकोडला हा वाटा पकडता येत नाही. शहरातला पगारदार वर्ग ॲपवर गेला, की बाजारात वाटा घेणारे तेवढे उरतात आणि पापलेट घेणारे गिऱ्हाईक कमी होते. पापलेटच्या नफ्यावरच कोळणीला वाटा स्वस्त द्यायला परवडत असे.

ॲपच्या पाकिटावर दोन वजने छापलेली असतात, साफ करण्याआधीचे आणि नंतरचे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा मोठा प्रामाणिकपणा आहे आणि बाजाराने तो शिकावा असा आहे. कोळंबी सोलली की वजन साधारण निम्म्यावर येते, हे ठाऊक नसलेला माणूस बाजारात किलोचा भाव ऐकून ॲप महाग म्हणतो, आणि हिशेब मांडला की फरक बराच कमी निघतो. तापमानाचेही तसेच. आपल्या हवेत किलोभर मासळीला जवळपास किलोभर बर्फ लागतो. बांगड्यासारखा लाल मांसाचा मासा थोडा वेळ जरी उघडा राहिला तरी त्यात हिस्टामिन हे अपायकारक द्रव्य तयार होते, आणि ते शिजवून जात नाही. बाजारातल्या ओट्यावर दुपारी एक वाजता काय स्थिती असते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. थंड साखळी नीट सांभाळणे ही ऑनलाइन कंपन्यांची खरी कामगिरी आहे, आणि ती मान्य न करता कोळणीची बाजू मांडणे मला प्रामाणिक वाटत नाही.

पण हीच थंड साखळी मोसम पुसून टाकते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या मध्यानंतर विशाखापट्टणम, चेन्नईकडच्या बोटी बाहेर पडतात आणि तो माल हजारभर किलोमीटर प्रवास करून मुंबईत येऊ शकतो. त्याशिवाय गोठवलेला माल असतोच. आपल्या आज्यांनी पावसाळ्याच्या तोंडाशी सुकट, सोडे, सुके बोंबील डब्यात भरून ठेवले ते याच दोन महिन्यांसाठी. आता आषाढातही पडद्यावर सुरमई दिसते आणि समुद्राला विश्रांती असते हे शहराच्या लक्षातून जाते. मुंबईतल्या 'नो युवर फिश' या अभ्यासक गटाने कुठल्या महिन्यात कुठला मासा खावा याचे कॅलेंडर तयार केले आहे. एखाद्या ॲपने ते आपल्या पहिल्या पानावर लावले, तर मला मनापासून आनंद होईल. आकाराचा प्रश्नही आहे. एका माणसाच्या ताटात अख्खा बसेल असा पापलेट पाकिटात शोभतो आणि झटकन विकला जातो. पण ज्या पापलेटला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केले, त्याचीच बारकी पिल्ले मोसमाच्या तोंडाला जाळ्यात येतात, अशी तक्रार खुद्द मच्छीमारांचीच आहे. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. ताटाच्या मापाला लागणारी मागणी आणि हा नियम एकमेकांच्या विरुद्ध ओढणार आहेत.

आता मच्छीमाराच्या पदराचे. ऑनलाइन भाव चढा असूनही बोटवाल्याला तो का मिळत नाही, याचे उत्तर ॲपमध्ये नाही, उचलीत आहे. मोसमाच्या आधी जाळी, इंजिन दुरुस्ती, डिझेल, बर्फ, रेशन आणि खलाशांना आगाऊ रक्कम, एवढा पैसा लागतो. बँक वेळेवर देत नाही, दलाल देतो. त्याच्या बदल्यात मोसमभर माल त्याच्याच हातून विकायचा. अशा नाखव्याच्या मोबाइलवर दहा ॲपचे भाव दिसले तरी त्याचा माल बांधलेला असतो. कंपनीलाही हे सोयीचे पडते. शंभर बोटींशी बोलण्यापेक्षा चार दलालांकडून घेणे सोपे. त्यामुळे 'मधले लोक काढून टाकले' म्हणणाऱ्या व्यवस्थेतही धक्क्यावरचा पहिला मधला माणूस अनेकदा तसाच राहतो.

भांडवलाच्या भरवशावर उभ्या साखळीचा दुसरा धोकाही बंगळुरूच्याच एका कंपनीच्या वाटचालीत दिसला. कॅप्टन फ्रेश ही कंपनी सुरुवातीला देशातल्या छोट्या मासळी दुकानांना तंत्रज्ञानाच्या मदतीने माल पुरवायला निघाली होती. काही वर्षांतच तिचे तोंड निर्यातीकडे वळले, अमेरिका आणि युरोपातल्या मासळी कंपन्या तिने विकत घेतल्या. धंदा म्हणून त्यात गैर काही नाही. देशी मासळीबाजारात कचरा, उधारी, अनियमित आवक आणि किरकोळ नफा असतो, तर निर्यातीत मोठे आकडे असतात. २०२४-२५ मध्ये भारताची सागरी उत्पादनांची निर्यात ६२ हजार कोटी रुपयांच्या वर होती आणि त्यातला मोठा हिस्सा गोठवलेल्या कोळंबीचा. पण ज्या किनाऱ्याने आपली जुनी विक्रीव्यवस्था मोडून अशा एका खरेदीदारावर भिस्त ठेवली, त्याने गुंतवणूकदारांचा विचार बदलल्यावर कुठे जायचे?

कोळणीचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पुरुषाने मारलेली मासळी विकणे, घासाघीस करणे, पैसा हातात ठेवणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या बाईचे राहिले. घरखर्च तिच्या हातून होतो, म्हणून कोळीवाड्यात तिच्या शब्दाला वजन आहे. ती ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधार देते, कालवणाला कोणता मासा आणि तळायला कोणता हे सांगते, उरलेले मीठ लावून सुकवते. ॲपने यातले साफ करून देणे आणि घरी पोहोचवणे एवढेच उचलले. आणि नेमक्या याच वर्षांत तिच्या पायाखालची जागाही हलली. २०२१ मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळची छत्रपती शिवाजी महाराज मंडई धोकादायक ठरवून रिकामी करताना विक्रेत्यांना ऐरोलीकडे हलवायचे ठरले, तेव्हा कोळी महिला रस्त्यावर उतरल्या. ओटा गेला की गिऱ्हाईक तुटते आणि तुटलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवसापासून ॲपवर दिसते. मंडईत पाणी, बर्फ, निचरा, शौचालय या सोयी वर्षानुवर्षे द्यायच्या नाहीत आणि मग 'बाजार अस्वच्छ' म्हणून लोक ऑनलाइन गेले असे म्हणायचे, ही मला सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट वाटते.

तरीही बायका या नव्या वाटेवर आल्या आहेत, विशेषतः सुक्या मासळीच्या मार्गाने. जवळा, सोडे, सुके बोंबील यांना शीतगृह लागत नाही, कुरिअरने ते पुण्यालाच काय, दिल्लीलाही जातात. नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्या मराठी माणसाला या वासाची ओढ असतेच. बचत गटाने नीट सुकवून, वाळू काढून, पाकिटबंद करून विकलेले सोडे दलालाला दिलेल्या मालापेक्षा चांगला भाव घेतात. इथे भांडवल थोडे, नासाडी कमी आणि विक्रीची सूत्रे बाईकडेच. ताज्या मासळीपेक्षा सुक्या मासळीत ऑनलाइन विक्रीचा लाभ किनाऱ्याला अधिक सरळ मिळतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि सरकारी योजनांनी तिकडे फारच कमी लक्ष दिले आहे.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१७ मध्येच मच्छीमारांना थेट विक्री करता यावी म्हणून संकेतस्थळ आणि ॲप काढले. २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मत्स्य विभागाने ओएनडीसी या खुल्या डिजिटल बाजाराशी करार केला. हेतू चांगले आहेत. अडचण अशी की मच्छीमाराला दुकानाचा पडदा मिळतो; पण त्यामागचा बर्फ, साफ करणारे हात, पिशवी, वाहन आणि परत आलेल्या मालाचा तोटा सोसणारे खाते मिळत नाही. हे सगळे ज्याच्याकडे आहे तोच विकतो.

हे जमू शकते याचा एक दाखला दक्षिण आफ्रिकेत आहे. केप टाऊनच्या आसपासच्या छोट्या मच्छीमारांबरोबर संशोधकांनी 'अबालोबी' नावाची व्यवस्था उभी केली. सुरुवात विक्रीपासून नव्हे, मच्छीमाराने स्वतःच्या पकडीची आणि खर्चाची नोंद फोनवर ठेवण्यापासून झाली. नोंद त्याची, म्हणून भाव मागताना पुरावाही त्याचाच. मग हॉटेलांना थेट विक्री सुरू झाली, प्रत्येक माशासोबत कुणी, कुठे, कशाने पकडला ही माहिती. २०२० मध्ये हॉटेले बंद पडल्यावर तोच माल घरांकडे वळवता आला. अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्ट क्लाइडच्या मच्छीमारांनी २००७ पासून मोसमाचे पैसे आगाऊ घेऊन दर आठवड्याला मिळेल ती मासळी द्यायला सुरुवात केली. आगाऊ पैसा दलालाऐवजी गिऱ्हाइकाने दिला. आपल्या उचलीच्या प्रश्नाला इतके सरळ उत्तर मला दुसरे दिसले नाही.

मासा कुठून आला हे सांगणे आपल्याला अशक्य नाही. युरोपने १ जानेवारी २०१० पासून आयात मासळीला पकडीचे प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि तेव्हापासून आपली बंदरे निर्यातीच्या मालासाठी बोटीचा कागद तयार करतात. स्पेनला जाणाऱ्या माकूलच्या मागे बोटीची नोंद असते. त्याच धक्क्यावरून ठाण्याला आलेल्या सुरमईच्या पाकिटावर मात्र कंपनीचे नाव आणि पॅकिंगची तारीख, एवढेच. पॅकिंगची तारीख म्हणजे पकडल्याची तारीख नव्हे. आठ-दहा दिवस समुद्रात राहिलेल्या ट्रॉलरच्या पहिल्या दिवसाचा मासा पाकिटात मात्र आजचा होतो. पकडीची तारीख, बंदर आणि जाळ्याचा प्रकार या तीन गोष्टी पाकिटावर छापणे देशी विक्रीतही बंधनकारक करायला कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यातून कर्ज, वीज, विमा यांत सवलती मिळणार आहेत. त्या सवलतींतून सातपाटीसारख्या सहकारी संस्थांना आणि कोळी महिलांच्या गटांना स्वतःचे बर्फाचे कारखाने, साफसफाईची केंद्रे आणि थंड वाहने मिळाली, तर ऑनलाइन विक्री किनाऱ्याची होईल. आणि मोसमाच्या आधी उचलीऐवजी वेळेवर बँकेचे कर्ज मिळाले, तर नाखवा मोबाइलवरचा भाव नुसता वाचणार नाही, तो मिळवूही शकेल. शासनाने पहिला पैसा इथे घालावा. आणि आपण पुढच्या वेळी मासळी मागवताना, ॲपवर असो की व्हॉट्सॲपवर, विकणाऱ्याला एवढे जरूर विचारावे: हा मासा कुठल्या बंदरावर, कधी उतरला?